आपला आनंद, शेजारचा कान

(मंडळाच्या वर्धापनदिनी झालेले भाषण)



वर्धापनदिनी चार शब्द बोलावे म्हणून चिटणीसबाई माझ्याकडे आल्या, तेव्हा मी प्रथम नाहीच म्हटले. भाषण करण्याची मला सवय नाही. गेली कित्येक वर्षे मी या सभागृहात सतरंज्या घालण्याचे, पेढे मोजण्याचे आणि पावत्या फाडण्याचे काम केले. व्यासपीठावर उभे राहण्याचे काम इतरांनी केले. पण चिटणीसबाई म्हणाल्या, "विषय तुमच्या मनातला घ्या," आणि मग मला नाही म्हणवेना. कारण एक विषय वर्षभर माझ्या मनात घोळतो आहे. तो आहे आवाजाचा. आज मी माइक न घेता बोलते आहे ती त्यामुळेच. मागे ऐकू येत नसेल तर पुढे येऊन बसा; पुढच्या खुर्च्या नेहमीप्रमाणे रिकाम्याच आहेत.

आपल्या सभागृहाच्या डाव्या कपाटात मंडळाचा ध्वनिक्षेपक आहे. स्पीकरच्या दोन मोठ्या पेट्या, एक अँप्लिफायर आणि दोन माइक. देणग्या गोळा करून आपण तो घेतला, त्या दिवशी आपण किती मिरवलो होतो ते जुन्या सभासदांना आठवत असेल. पेट्यांवर पांढऱ्या रंगाने मंडळाचे नाव घालून घेतले. आपले कार्यक्रम नसतात तेव्हा तो भाड्याने देतो. बारसे, मुंज, हळद, वाढदिवस, सगळ्यांना तो परवडतो. त्या भाड्यातून आपण दर जूनमध्ये घरकाम करणाऱ्या भगिनींच्या मुलांना वह्या आणि दप्तरे देतो. म्हणजे पैसा चांगल्या कामाला लागतो, यात शंका नाही. त्या भाड्याची वही अनेक वर्षे माझ्याकडे होती. आज मला बोलायचे आहे ते त्या वहीविषयी.

आधी माझी एक चूक सांगते. दोनतीन वर्षांपूर्वीच्या नवरात्रातली गोष्ट. आपला भोंडला होता, वेळ दुपारची. पाटावर हत्ती काढला होता, खिरापती झाकून ठेवल्या होत्या, आणि गाण्यांसाठी आपण दोन्ही पेट्या अंगणात लावल्या होत्या. तेवढ्यात मागच्या इमारतीतून एक बाई आल्या. डोळे तारवटलेले, केस कसेबसे बांधलेले. म्हणाल्या, "ताई, मी नर्स आहे. रात्रपाळी करून आले आहे. आवाज थोडा कमी कराल का?" मी कार्यवाह. मी हसून म्हटले, "अहो, वर्षातून एकदा तर असतो आमचा भोंडला! तुम्हीही या ना फेर धरायला." सगळ्या हसल्या. त्याही थोड्या हसल्या आणि निघून गेल्या. आवाज आपण कमी केला नाही. मला वाटले, मी किती गोड बोलून वेळ निभावली!

त्यानंतर गेल्या वर्षी आमच्या सासूबाईंचे खुब्याचे ऑपरेशन झाले. रुग्णालयातून घरी आणून तिसरीच रात्र होती. मागच्या मोकळ्या जागेत कुणाची तरी हळद होती आणि गाणी लागली होती. खिडकीची तावदाने थरथरत होती. सासूबाई माझा हात धरून पुन्हा पुन्हा विचारत होत्या, "किती वाजले गं?" साडेदहा झाले, साडेअकरा झाले. शेवटी आमच्या घरचे खाली जाऊन विनवून आले. मुले म्हणाली, "काका, एवढीच एक रात्र." मी भोंडल्याला जे बोलले होते, तेच शब्द फिरून माझ्या दारात आले.

मी गॅलरीत जाऊन पाहिले. मांडवाच्या दिव्यात दोन पेट्या स्पष्ट दिसत होत्या आणि त्यांवर पांढऱ्या अक्षरांत आपल्या मंडळाचे नाव होते. ती पावती मीच फाडली होती. हळद होती आपला जिना झाडणाऱ्या मावशींच्या मुलीची.

हातात फोन घेऊन मी बराच वेळ उभी राहिले. कुणाविरुद्ध तक्रार करणार? ज्या मावशी रोज सकाळी माझ्या दाराशी येतात, त्यांच्या मुलीच्या हळदीवर पोलीस पाठवू? आणि पोलिसांनी विचारले, पेट्या कुणाच्या, तर काय सांगू? मी फोन केला नाही. दुसऱ्या दिवशी मावशींजवळ हळूच विषय काढला. त्या बिचाऱ्या कानकोंड्या झाल्या आणि म्हणाल्या, "बाई, पावती देताना तुम्ही कायबी बोलला न्हाई. मला वाटलं, पैसं भरलं म्हंजे परवानगीच झाली."

भगिनींनो, हे वाक्य मला फार लागले. त्यांचे म्हणणे खरे होते. म्हणून मी कायदा काय म्हणतो ते वाचायला बसले. जे समजले ते सांगते.

आपल्या देशात आवाजाविषयी स्वतंत्र नियम आहेत. ते २००० सालच्या फेब्रुवारीत, पर्यावरण संरक्षणाच्या १९८६ च्या कायद्याखाली लागू झाले. त्यात दिवस म्हणजे सकाळी ६ ते रात्री १०, आणि रात्र म्हणजे रात्री १० ते सकाळी ६. राहत्या वस्तीसाठी आवाजाची मर्यादा दिवसा ५५ डेसिबल आणि रात्री ४५ डेसिबल. बाजारपेठेत ती ६५ आणि ५५ आहे, कारखान्यांच्या भागात ७५ आणि ७०. रुग्णालये, शाळा आणि न्यायालये यांच्या सभोवार निदान १०० मीटरपर्यंतचा भाग शांतता क्षेत्र ठरवता येतो; तिथे मर्यादा ५० आणि ४०. मात्र २०१७ सालच्या दुरुस्तीपासून असे क्षेत्र राज्य सरकारने जाहीर करावे लागते.

आता डेसिबल म्हणजे काय? आपण दोघीजणी समोरासमोर बसून नेहमीच्या आवाजात बोलतो, तो आवाज साधारण ६० डेसिबलच्या आसपास असतो. आपला मिक्सर जवळून ८० च्या वर सहज जातो. हे आकडे किलो-ग्रॅमसारखे मोजू नयेत, कारण त्यांची चढण निराळी आहे. दहा डेसिबल वाढले की आवाजातली शक्ती दहापट होते आणि कानाला तो सुमारे दुप्पट वाटतो. ५५ च्या जागी ७५ झाले तर आपण म्हणू, वीसच तर वाढले. पण शक्ती शंभरपट झालेली असते.

ध्वनिक्षेपकाविषयी नियम अगदी स्पष्ट आहे. नेमलेल्या अधिकाऱ्याची लेखी परवानगी घेतल्यावाचून तो लावता येत नाही. रात्री १० ते सकाळी ६ या वेळात उघड्यावर तो लावता येत नाही. बंदिस्त सभागृहात लावता येतो, पण तिथेही आवाज बाहेर किती जातो याला मर्यादा आहे. सणासुदीसाठी राज्य सरकार वर्षातून जास्तीत जास्त १५ दिवस रात्री १२ पर्यंत सवलत देऊ शकते. ते दिवस सार्वजनिक सणांसाठी असतात, कुणाच्या घरच्या हळदीसाठी नव्हेत. शिवाय २०१० सालच्या दुरुस्तीने असे ठरले की सार्वजनिक जागेत ध्वनिक्षेपक लावला तर त्या जागेच्या हद्दीवरचा आवाज तिथल्या मर्यादेपेक्षा १० डेसिबलहून अधिक वर जाऊ नये, आणि ७५ च्या पुढे तर कुठेच जाऊ नये. खाजगी जागेत ही सूट ५ डेसिबलचीच आहे. त्याच दुरुस्तीने राहत्या वस्तीत रात्री हॉर्न वाजवणे, आवाजाचे फटाके उडवणे आणि बांधकामाची आवाज करणारी यंत्रे चालवणे यांनाही मनाई केली.

हे वाचले आणि माझ्या ध्यानात आले की हळदीची रात्र तर नियमाबाहेरची होतीच, पण आपला भरदुपारचा भोंडलाही नियमात बसला नसता. 'दिवसा काहीही चालते' ही माझी समजूत चुकीची होती. त्या नर्सबाईंना मी हसून वाटेला लावले, तेव्हा कायदासुद्धा त्यांच्याच बाजूला होता.

हे नियम आपोआप अमलात आले नाहीत. त्यांच्यासाठी माणसांना झगडावे लागले. मुंबईचे डॉ. यशवंत ओक आणि त्यांचे सहकारी १९८५ सालीच या प्रश्नावर उच्च न्यायालयात गेले होते. २००३ साली सुमैरा अब्दुलअली या बाईंनी त्यांच्याबरोबर शांतता क्षेत्रांसाठी दाद मागितली, आणि पुढे वर्षानुवर्षे हातात आवाज मोजण्याचे यंत्र घेऊन त्या मुंबईच्या उत्सवांत फिरल्या. सण कोणत्या धर्माचा आहे हे त्यांनी पाहिले नाही, यंत्रावरचा आकडा पाहिला. मद्रासच्या एका वसाहतीतल्या रहिवाशांनी शेजारच्या प्रार्थनास्थळाच्या ध्वनिवर्धकांविषयी केलेली तक्रार सर्वोच्च न्यायालयापर्यंत गेली. तेव्हा २००० सालच्या ऑगस्टमध्ये न्यायालयाने सांगितले की दुसऱ्याची शांतता मोडून प्रार्थना करा, असे कोणताच धर्म सांगत नाही. मुंबई उच्च न्यायालयानेही २०१६ साली म्हटले की ध्वनिक्षेपक हा कोणत्याही धर्माचा आवश्यक भाग नव्हे.

आणखी एक हकीकत सांगणे भाग आहे. १९९८ च्या जानेवारीत वर्तमानपत्रांत एक बातमी आली होती. तेरा वर्षांच्या एका मुलीवर अत्याचार झाला. तिने मदतीसाठी हाका मारल्या. पण शेजारी ध्वनिक्षेपकावर गाणी लागली होती, त्यात त्या हाका बुडून गेल्या. त्याच संध्याकाळी त्या मुलीने स्वतःला जाळून घेतले. ती बातमी वाचून एक इंजिनियर सर्वोच्च न्यायालयात गेले, आणि १८ जुलै २००५ रोजी त्या अर्जावर मोठा निकाल लागला. न्यायालयाने म्हटले की शांततेत जगणे हा जगण्याच्या हक्काचाच भाग आहे. बोलण्याचा हक्क प्रत्येकाला आहे, पण नको असलेले ऐकण्याची सक्ती कुणी कुणावर करू शकत नाही. आपण आयाबहिणी आहोत. मोठा आवाज म्हणजे केवळ झोपमोड नव्हे, त्याखाली एखादी हाकही दबून जाते, एवढे आपल्याला वेगळे समजावून सांगायला नको.

तक्रारीचे म्हणाल, तर ती करताना बायकांना पहिली भीती वाटते ती 'उद्या तोंड कसे दाखवू' याची. कुर्ल्याच्या रहिवाशांच्या अर्जावर २०२५ च्या जानेवारीत मुंबई उच्च न्यायालयाने पोलिसांना सांगितले की तक्रार करणाऱ्याची ओळख विचारू नका, तक्रार आली की कारवाई करा. रात्रीच्या नियमाचा भंग असेल तर आवाज किती डेसिबल होता हे तक्रार करणाऱ्याने सिद्ध करत बसण्याचे कारण नाही. ११२ क्रमांकावर फोन करता येतो. गृहनिर्माण संस्थांच्या आदर्श उपविधींतही, सभासदाने आपल्या घरात इतरांना उपद्रव किंवा त्रास होईल असे काही करू नये, असे कलम आहे, आणि त्यावर कमिटीला कारवाई करता येते.

हे सगळे आहे आणि ते माहीत असावे. पण माझा अनुभव विचाराल, तर शेजाऱ्यावर पोलीस पाठवण्याची पाळी येण्याआधी पुष्कळ काही करता येते. मावशींच्या घरच्या हळदीत चूक कुणाची होती? पेट्या देणाऱ्या आम्हा शहाण्या बायकांची. 'लोकां सांगे ब्रह्मज्ञान' असे व्हायला नको असेल, तर आरंभ आपल्याच कपाटापासून केला पाहिजे. म्हणून काही सूचना मांडते. आज विचार व्हावा आणि येत्या सभेत ठराव व्हावा, एवढी विनंती.

पहिली सूचना. उघड्यावर लावण्यासाठी ध्वनिक्षेपक नेणाराने लेखी परवानगीची प्रत आणून दिल्याशिवाय पावती फाडू नये. ज्यांना अर्ज करणे जमत नाही त्यांना आपल्यापैकी कुणीतरी अर्ज लिहून द्यावा आणि पोलीस ठाण्यापर्यंत सोबत जावे. हे महत्त्वाचे आहे. नाहीतर नियमाचा भार नेमका मावशींसारख्यांवर पडेल, आणि ज्यांना बाहेरून मोठा डीजे आणणे परवडते ते मोकळे राहतील.

दुसरी. गाणी रात्री साडेनऊला बंद व्हावीत आणि दहाला पेट्या कपाटात याव्यात. हे पावतीवर छापावे आणि देताना तोंडानेही सांगावे.

तिसरी. पेट्यांची तोंडे मांडवाच्या आत, आपल्या पाहुण्यांकडे असावीत. शेजारच्या खिडक्यांकडे नसावीत. अँप्लिफायरच्या खटक्यावर एक लाल खूण करावी आणि त्यापुढे तो फिरवू नये. ही खूण मांडवात उभे राहून ठरवायची नाही. एकीने शेजारच्या इमारतीत जाऊन, तिथल्या खिडकीशी उभे राहून ती ठरवावी. आणि बास नावाचा जो घुमणारा आवाज असतो तो आधी कमी करावा, कारण भिंतींतून तोच अधिक पार होतो. गाण्याचे शब्द बंद खिडकीने अडतात, पण ती धडधड छातीपर्यंत पोचते.

चौथी सूचना माझ्या मते सगळ्यांत महत्त्वाची. कोणताही कार्यक्रम असला, अगदी आपला असला तरी, दोन दिवस आधी आसपासच्या इमारतींत चिठ्ठी द्यावी: कार्यक्रम कशाचा, किती ते किती, आणि त्रास झाला तर फोन कुणाला करायचा. चिठ्ठी देताना विचारून यावे, घरात कुणी आजारी आहे का, तान्हे बाळ आहे का, परीक्षा आहे का, रात्रपाळीचे कुणी दिवसा झोपते का. भाड्याच्या वहीत यासाठी एक रकाना आखावा. आजवर मी त्या वहीत नाव, तारीख आणि रक्कम एवढेच लिहीत आले. शेजारी कोण झोपलेले असेल, हे लिहिण्याची जागाच त्यात नव्हती.

पाचवी. आपला भोंडला आणि हळदीकुंकू यापुढे माइकवाचून करावे. आपल्या आज्यांनी पाटावरच्या हत्तीभोवती फेर धरला, तेव्हा त्यांच्याजवळ ध्वनिक्षेपक नव्हता. लोकमान्यांनी १८९३ साली पुण्यात सार्वजनिक गणेशोत्सवाला चालना दिली, तेव्हाही तो नव्हता. पंधरा मिनिटांची आरती, टाळ्या, झांजा यांवर कुणी हरकत घेतल्याचे मला माहीत नाही. आनंद बंद करा असे मी म्हणतच नाही. तो आपल्या अंगणात मावेल एवढा ठेवा, असे म्हणते.

आता घरातले थोडे. 'भिंतींना कान असतात' अशी म्हण आहे. इमारतीत तर जमिनीलाही तोंड असते. आवाज दोन वाटांनी जातो. एक हवेतून, तो दारे-खिडक्या लावल्या की पुष्कळ कमी होतो. दुसरा जमिनीतून आणि भिंतीतून, धक्क्यांचा. त्याला दारे लावून उपयोग नाही. आपण फरशीवर खलबत्ता कुटतो, पलंग ओढतो, खुर्ची सरकवतो, त्याचे ठोके खालच्यांच्या डोक्यावर पडतात. मिक्सरखाली जाड रबराचा तुकडा किंवा चौपदरी गोणपाट, खुर्च्यांच्या पायांना जाड कापडाच्या टोप्या, एवढ्याने फार फरक पडतो. चटणी सकाळी सातनंतर वाटली तर डबा चुकत नाही. मी स्वतः रात्री नारळ खवून ठेवते. ड्रिल मशीनचे काम दुपारी दोन ते चार बंद ठेवावे, आणि मोबाइलवरची व्याख्याने गॅलरीत बसून सगळ्या वाडीला ऐकवू नयेत.

'आमच्या सासूबाईंना आता ऐकूच कमी येते, त्यांना कसला त्रास?' असे एका मैत्रिणीने मला विचारले होते. पुष्कळांचा असाच समज असतो. वय झालेल्या माणसाला हळू आवाज ऐकू येत नाहीत, पण मोठा आवाज त्याला अधिकच टोचतो. आणि कानाला यंत्र लावले असेल तर कानाजवळचे बोलणे गोंगाटात हरवते. शिवाय माणूस जागे झाले नाही तरी झोपेत आवाजाने हृदयाची गती वाढते. म्हणून 'झोपले आहेत, त्यांना काही होत नाही' हेही खरे नव्हे.

शेवटी पैशाचे. या अटींनी भाडे कमी होईल, जूनच्या वह्यांचे काय, असे खजिनदारबाईंनी मला आधीच विचारले आहे. त्यांचा प्रश्न रास्त आहे. माझे उत्तर असे की दिवाळीच्या आधी आपण दहाजणी मिळून चकल्या आणि अनारसे करून विकू. पहिल्या वर्षी भाजणी माझ्याकडून. मुलांच्या दप्तरांत एकही वही कमी पडू देणार नाही, हा माझा शब्द.

त्या नर्सबाई आता इथे राहत नाहीत. मी त्यांच्याकडे क्षमा मागायला गेले, तेव्हा दाराला कुलूप होते आणि त्या कुठे गेल्या हे शेजाऱ्यांना माहीत नव्हते. माझी ती क्षमा राहूनच गेली. पण मागच्या इमारतीत त्यांच्या जागी आज दुसरे कुणीतरी आहे, आणि त्यांच्या कामाच्या वेळा काय आहेत हे आपल्यापैकी एकीलाही ठाऊक नाही. उद्या सकाळी मी तिथे जाऊन विचारणार आहे. माझ्याबरोबर कुणी येणार असेल तर साडेनऊला जिन्याजवळ भेटावे.